जाहिरातीतलं पाऊल

माझे गुडघे वाजायला लागले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सुनेने योगाच्या वर्गात नाव घातलं. गोळ्या मी कुंडीत टाकल्या. वर्ग टाळता आला नाही, कारण सून हॉलच्या दारापर्यंत सोडायला यायची.

आत सतरा बायका आणि मी एकटा बाप्या. शेवटच्या रांगेत भिंतीला धरून चटई टाकली. आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. बाईमाणसासमोर नजर तिच्या पायांच्या वर गेली, की ते कान असा पिळायचे की तो संध्याकाळपर्यंत जागेवर येत नसे. आता कान पिळायला कोणी उरलं नाही, पण नजर खाली जायची ती जातेच. त्यामुळे सहा वर्षं मी शिकवणाऱ्या बाईंची पावलं बघूनच आसनं शिकलो. त्यांची टाच उचलली गेली की माझी उचलायची, पाऊल वळलं की वळायचं. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती, मोठ्या भावाच्या पाठीवर चढलेल्या धाकट्यासारखी. चेहऱ्यापेक्षा मला त्यांची ती करंगळी जास्त ओळखीची.

त्यांना आम्ही श्वासबाई म्हणायचो. ‘श्वास कोंडू नका’ हे तासाभरात चाळीस वेळा व्हायचं. एकदा पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाई म्हणाल्या, “अहो बाई, घरी सासूसमोर दुसरं केलं काय आम्ही जन्मभर?” सगळा वर्ग हसून आडवा. श्वासबाईही हसल्या, पण जरा उशिरा, कुणाची तरी परवानगी घेऊन हसल्यासारख्या.

वय छप्पन. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत होत्या. अडतिसाव्या वर्षी जिन्यावरून पडल्या आणि सहा महिने पाठीवर. त्याच सहा महिन्यांत नवरा गेला, तोही बिचारा त्यांना दूध गरम करून देता देता. उठून उभं राहता यावं म्हणून आसनं शिकल्या आणि त्यातच राहिल्या. मुलगी लांबच्या शहरात दिलेली. तिचा फोन रविवारी यायचा, म्हणून सोमवारी बाईंचा आवाज मोकळा लागायचा. हॉस्पिटलच्या मागे तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली. सकाळी पावणेसहाला येऊन हॉल स्वतः झाडायच्या. झाडायला माणूस होता, तरी. मी विचारलं तर म्हणाल्या, “खोलीत झाडायला काय असतं काका? एकटीचा कचरा तो केवढा.”

हॉलचा मालक पूर्वी फरशा विकायचा. माणसालाही तो फरशीसारखाच उजेडाकडे फिरवून बघायचा. एक दिवस फोटोवाल्याला घेऊन आला. “मॅडम, जाहिरात करायचीय. तुमच्यासारखं एका पायावर उभं राहणं कुणाला जमणार?” बाई दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा कुर्ता आणि सलवार घालून आल्या आणि नटराजासनात उभ्या राहिल्या. डावा पाय जमिनीवर, उजवा मागून हाताने धरून डोक्याच्या वर. फोटोवाल्याने तीनदा जागा बदलली, बाई हलल्या नाहीत. तो आठवडा त्या फार खुशीत होत्या. मुलीलाही सांगून झालं.

मग चौकात बोर्ड लागला, दोन मजले उंच. त्यावर बावीसेक वर्षांची पोरगी, ओठ विलग, मान मागे वळवून बघतेय, जणू आसन नव्हे, कुणाला तरी बोलावणं चाललंय. अंगावर कापडाच्या दोन पट्ट्या, आणि फोटो अशा बाजूने काढलेला की आसन कुठलं ते कळायला वेळ लागावा. खाली लिहिलेलं, ‘लवचिक व्हा’.

वर्गात दुसरा विषयच नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, “माझ्या मशीनखाली यापेक्षा मोठ्या चिंध्या पडतात गं.”

बँकेतल्या ताई म्हणाल्या, “आमचे हे हल्ली दुधाला चौकातून जातात. दूध मिळतं घराखाली.”

हशा पिकला. श्वासबाई पाठमोऱ्या उभ्या राहून चटई झटकत होत्या. त्या दिवशी तासभर त्यांच्या तोंडून श्वास हा शब्द आला नाही.

घरी जाताना मीही बोर्ड बघितला आणि सवयीने नजर गेली पावलाकडे. डावं पाऊल. करंगळी दुधीभोपळ्याएवढी, आणि शेजारच्या बोटावर चढून बसलेली. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. एक स्कूटरवाला म्हणाला, “आजोबा, घरी सांगून आलात का?” त्याला वाटलं मी वर बघतोय.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी थांबलो. “बाई, त्या बोर्डावरचा पाय...”

त्या चटईवर खालीच बसल्या. “तुम्हाला कळलं?”

“मला तेवढंच कळतं.”

“पाय माझा,” त्या म्हणाल्या. “हात माझे, पण शिरा पुसून टाकल्यात. पाठ माझी, पण तीही त्यांनी जास्त वाकवलीय. तेवढी वाकली तर माणूस उठायचा नाही. बाकीचं कुणाचं, कुणास ठाऊक. काका, मी रोज दोनदा तिच्याखालून जाते. लोक वर बघत असतात. मला वाटतं आपल्यालाच बघतायत, आणि माझ्याकडे तर कुणी बघतही नसतं.”

मालकाला त्यांनी विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, “कुणाला कळतंय मॅडम? तुम्ही बोललात तरच कळेल.” मुलगी फोटो पाठव म्हणत होती. तिला त्यांनी सांगितलं, अजून छापून आला नाही.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी शवासन झाल्यावर, सगळ्या उठून बसायच्या आत, त्यांनी वर्गाला सांगून टाकलं. आवाज न चढवता, जसं आसन सांगतात तसं. “तो फोटो माझा आहे. चेहरा बदललाय, कपडे काढलेत. मला तो खाली उतरवून हवा आहे. आपण सगळ्यांनी मिळून मालकाकडे जाऊन सांगितलं तर तो ऐकेल.”

मग बँकेतल्या ताई म्हणाल्या, “पण बाई, तोंड तर तुमचं नाही ना? मग बिघडलं काय? उगाच आपणच गावभर करायचं.”

एकीची नात उठली असेल. एकीचा गॅस बुक करायचा होता. शिंपीणबाई चटई गुंडाळत बसल्या, गुंडाळून पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. “मी त्या दिवशी चिंध्या म्हणाले, ते मला माहीत नव्हतं हो,” एवढं म्हणाल्या आणि वर न बघता गेल्या.

खाली मालकाच्या खोलीत आम्ही दोघंच गेलो.

“आजोबा, तुमचं काय काम?” मालक म्हणाला.

“मी पायाचा साक्षीदार.”

तो मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच गंमत वाटली. “पायच ना मॅडम? एवढंच होय? करतो बंदोबस्त.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात शिडी लागली. एक माणूस वर चढला आणि फोन नंबर छापलेली पिवळी पट्टी त्याने बरोब्बर पावलावर चिकटवली, वरून फडक्याने दाबूनही घेतली. पोरगी तशीच, ओठ तसेच, पट्ट्या तशाच. मालक खाली उभा होता. “झालं, मॅडम. आता तुमचं त्यात काहीच राहिलं नाही.”

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “एवढ्या फोटोत ते एक पाऊल तेवढं त्यांनी होतं तसं ठेवलं होतं, काका.” आणि हॉलकडे चालायला लागल्या. सहा वाजत आले होते.

वर्ग आधी ओस पडला, पण आठ दिवसांत सगळ्या बायका परत आल्या, नव्या नव्याही आल्या. त्या विषयावर कुणी बोललं नाही. शिंपीणबाईंनी घरची केळी आणून बाईंच्या पिशवीत ठेवली. बाईंनी ‘असू दे’ म्हणून ठेवून घेतली. सगळं पूर्वीसारखं, फक्त बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली आणि त्या तिच्यावर बसून शिकवायला लागल्या. सगळं तोंडाने. पाय डावीकडे, हात वर, मान सैल. करून दाखवणं बंद.

महिनाभर मी वाट बघितली. मग एक दिवस वळताना अडखळलो आणि धीर करून म्हणालो, “बाई, हे मला जमत नाही. एकदा करून दाखवा ना.”

सगळ्या माना मागे वळल्या. बाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“सहा वर्षं झाली काका, येतंय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटा आणि करा.”

मी डोळे मिटले आणि आठवेल तसं करत गेलो. चुकलो असणारच. बाईंनी पुढचं आसन सांगायला घेतलं.