टेबलावरची टकटक

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी चोवीस वर्षं कप ठोकले. भट्टीतून निघालेला चिनी मातीचा कप डाव्या हाताच्या बोटांवर उलटा धरायचा, लाकडी काडीने कडेला हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. आवाज घुमला तर कप चांगला, मध्येच बसला तर आत तडा. तो कप टोपलीत. कारखान्यात सगळे त्यांना कानवाली म्हणायचे. शेजारच्या टेबलावर मी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवून खरखर शोधायचे. जरा बोलले की त्या डाफरायच्या, "तोंड बंद ठेव गं, मला कप ऐकू येत नाही!" सतरा वर्षं मी त्यांचं डाफरणं ऐकलं आणि सतरा वर्षं त्यांच्याच डब्यातलं खाल्लं.

त्यांना एक खोड होती. तडकलेला कप सापडला की टोपलीत टाकण्याआधी त्या काडीने टेबलावर एकदा ठोकायच्या. "कान धुवून घेते," म्हणायच्या. खराब आवाज कानात राहिला तर पुढचा कप नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग सूटबूट आला. साहेबच तो, पण मी त्याला साहेब म्हणणार नाही. म्हणाला, "मशीन तुमची नोकरी खाणार नाही, फक्त तुम्ही नवं शिकायला हवं." जाऊबाईंच्या टेबलावर त्याने माईक बसवला. तीन महिने प्रत्येक कपाचा आवाज मशीनला ऐकवायचा आणि चांगला की वाईट ते जाऊबाईंच्या निवाड्यावरून मशीनने शिकायचं. बदल्यात सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग. पास होईल तिला मशीनवर देखरेखीची जागा.

भावजी पाठीच्या दुखण्याने तीन वर्षं घरात पडून. जागा मिळाली नाही तर घर बसणार, हे जाऊबाईंना कुणी सांगायला नको होतं. सातवी शिकलेली, सत्तेचाळीस वर्षांची बाई. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून तो ओट्याच्या भिंतीला टेकवला आणि एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने अक्षरं दाबत बसली. पोरं फिदीफिदी हसायची. परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस! मशीनचीही परीक्षा झाली, जाऊबाईंच्याच माईकवर. तेही जवळजवळ पैकीच्या पैकी. सूटबुटाने टाळ्या वाजवल्या.

जागांची यादी लागली, त्यात जाऊबाई नव्हत्या. किमान बारावी पास हवं, असं अर्जाच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. म्हणजे वर्गात बसवलं तेव्हाच त्याला माहीत होतं. मी जाब विचारायला गेले तर म्हणतो, "प्रमाणपत्र मिळालं ना त्यांना?" त्या प्रमाणपत्राची सुरळी करून त्याच्या घशात कोंबावी असं वाटलं मला. आठवड्याभरात जाऊबाई घरी बसल्या.

त्यांच्या जागी मशीनचा छोटा हातोडा कप ठोकायला लागला. महिन्याभरात तक्रारींचा ढीग. गरम ओतलं की कप उकलत होते. मशीन एकही कप टोपलीत टाकत नव्हतं. मग आली कानवालीची आठवण. निरोप आला तेव्हा मी त्यांना बजावलं, "आधी नोकरीचा कागद मागा. त्याशिवाय तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"बरं," म्हणाल्या.

पाव तास त्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. मग आपल्याच टेबलावरचे जुने आवाज मागवून ऐकले. आणि हसल्या. मी त्यांना कारखान्यात हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, हे मशीन कप ऐकतच नाहीये," त्या म्हणाल्या. "माझं टेबल ऐकतंय. टेबलावर टक झालं की कप वाईट, एवढंच शिकलंय ते. आता टेबल ठोकणार कोण?"

सांगून मोकळ्या झाल्या! कागद नाही, काही नाही. इंजिनियरने जुन्या आवाजांतून ती टकटक काढून टाकली, मशीनला पुन्हा शिकवलं, आणि चार दिवसांत ते सुतासारखं सरळ चालू लागलं. जाऊबाईंना आभार मानून फाटकापर्यंत पोचवलं.

घरी गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "का सांगितलंत?"

"कुणीतरी त्यात उकळता चहा ओतणार ना. पोराबाळांच्या अंगावर सांडला असता."

"आणि आपल्या पोराबाळांचं काय?"

त्या भाजी चिरायला लागल्या. आता एका इमारतीचे जिने पुसायला जातात. आठ दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांचा राग आला होता, अजूनही आहे.

गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर मशीनचा कॅमेरा बसला. तोच सूटबूट, तेच गोड बोलणं. "नेहमीसारखंच काम करा, ताई." मी करते. फक्त खरखरीत कप सापडला की टोपलीत टाकण्याआधी कपाळावरची बट मागे सारते. प्रत्येक वेळी, न चुकता. बट जागच्या जागीच असते. टेबल ठोकत नाही, ती गंमत कारखान्याला आता कळली आहे.

शिकून झालं की मला घरी बसवतील, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मलाही बोलावणं येईल. मी जाईन, पाव तास उभी राहीन, आणि तोंड बंद ठेवीन.