मोहाचा पाक

मधमाशा पाळणं हे शांत स्वभावाच्या माणसाचं काम आहे, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. ज्याने हे लिहिलं त्याला माझ्या ओसरीवर आठ दिवस आणून बसवायला हवं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. सालेकशाच्या पुढे, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात मी शिक्षक होतो. दसऱ्याच्या सुमारास ग्रामोद्योगाचे एक निरीक्षक आले आणि एक लाकडी पेटी, एक जाळीचा बुरखा आणि ती पुस्तिका माझ्या गळ्यात घालून गेले. गावात वाचता येणारा आणि साहेबाला नाही म्हणता न येणारा असा मी एकटाच होतो.

पेटीत माशा भरल्या त्या एका गोंड माणसाने. पन्नाशीचा असेल. कटाईच्या वेळी ओंडका गुडघ्यावर पडल्यापासून एक पाय ओढत चालायचा, त्यामुळे कुपावर, म्हणजे जंगलतोडीच्या कामावर, त्याला कुणी सुखासुखी घेत नसे. पण माशांचं त्याला कळायचं. ऐनाच्या ढोलीतलं लहान माशांचं पोळं त्याने उघड्या हातांनी काढलं, केळीच्या सोपटाने चौकटींना बांधलं, राणीमाशी काडेपेटीत घालून आणली आणि तिच्यामागे बाकीच्या माशा पेटीत वळवल्या. निरीक्षक बघतच राहिले. जाताना त्याला म्हणाले, "लाखोळी फुलेपर्यंत ही पेटी जगली, तर इथे बारा पेट्यांचं केंद्र काढतो आणि राखणदार म्हणून तुलाच ठेवतो. बसल्या जागचं काम, बारमाही." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, आता हे तुमच्या हातात."

तो गडी हसून म्हणाला, "गुरुजीच्या हातात तं आमचे पोट्टेई जगून राहिले जी. माश्या काऊन नाई जगनार?"

बांधीतला धान कापला की त्याच शेतात पेरलेली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फुलेपर्यंत माशांना फारसं खायला नसतं. थंडीचे दीड-दोन महिने. तेवढे काढायचे होते. जगात याहून सोपं काम नसेल असं वाटावं.

पहिल्या दिवसापासून माझा जीव नकोसा झाला. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत, असं पुस्तिका सांगे. वाट्या ठेवल्या तर पाणी शेजाऱ्याची कोंबडी पिऊन जाई आणि मुंग्या सकाळी ओळीने चढलेल्या असत. वाट्यांत राख टाकली तर वाऱ्याने ती बायकोच्या वाळवणावर. ती म्हणाली, "माशा पाळल्यात की मला छळायला काही आणलंत?" पेटी तणसाने झाका म्हणून त्या गड्याने सांगितलं, झाकली, दुपारी गाय येऊन तणीस खाऊन गेली आणि पेटीला शिंग लावून गेली. त्या दिवशी मला अकरा ठिकाणी चावे बसले. गायीला एकही नाही.

पुस्तिका घाटावरच्या कुणासाठी लिहिलेली होती. तिच्यात जांभळं होती, कारवी होती, धुकं होतं. धानाचं नाव नव्हतं, मोहाचं नव्हतं, शिंगं असलेल्या गायीचं तर नव्हतंच.

आणि गाव. ओसरीवर पेटी आल्यापासून माझ्याकडे उठसूट येणाऱ्यांची रीघ लागली. कुणाच्या लेकराला खोकला, कुणाच्या डोळ्यांत फूल, कुणाला नुसतंच चाटून बघायचं. "गुरुजी, थोडंसं शहद देऊन द्या ना." अजून पोळ्यात थेंब नाही म्हटलं तरी कुणाचा विश्वास बसेना. पाटलांचा भाऊ रोज शाळेवरून जाताना विचारी, "काय जी गुरुजी, माश्यायले बाराखडी आली का?" पहिल्या दिवशी मीही हसलो. विसाव्या दिवशी माझी दातखीळ बसली होती.

मला स्वतःचाही राग येई. पेटी चार-पाच दिवसांनी एकदा उघडावी, हे मला तोंडपाठ होतं. मी रोज उघडायचो. राणी दिसते का, अंडी दिसतात का, माशा कमी तर झाल्या नाहीत. एकदा त्या गड्याने मला धरलंच. "गुरुजी, घडीघडी कायले उघडता जी? तुमच्या घराचं छप्पर कोनी रोज उचलून पाह्यलं, तं तुम्ही राहान का त्या घरात?"

दिवाळीत पोळ्याच्या वरच्या पट्टीत मध भरला. पिवळाधमक, वर पांढरं झाकण धरलेला. तो म्हणाला, "निम्मा घ्या. निम्मा त्यायचा. पुढं थंडी आहे." मी हो म्हणालो. तो गेल्यावर मी सगळा काढला. दोन बाटल्या शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांकडे गेल्या, एक पाटलांकडे. बदली होऊन वर्धेकडे, माझ्या गावाजवळ जाता यावं, ही माझी तीन वर्षांची धडपड होती. माशांचा हिवाळा मी बाटल्यांत भरून वाटला. हेही मी आजवर आपणहून कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

त्याच आठवड्यात तो लेकीच्या गावी धान चुरायला, म्हणजे मळायला, गेला. पंधरा दिवस येणार नव्हता. इकडे थंडी पडली आणि पोळं हलकं झालं. पेटी उचलून बघितली तर रिकाम्या डब्यासारखी लागली. पुस्तिकेत लिहिलं होतं, अशा वेळी साखरेचा पाक द्यावा. घरात साखर पाहुण्यांच्या चहापुरती. बायकोने डबा छातीशी धरून सांगितलं, "माशांना चहा पण करून देऊ का?"

तेव्हा मला ती युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. मोह! घरात पालकांनी आणून दिलेल्या वाळल्या मोहफुलांचं अर्धं पोतं पडलेलं होतं. त्याच्याइतकं गोड या मुलखात दुसरं काही नाही, आणि चैतात माशा मोहावर असतात हे मी डोळ्यांनी बघितलेलं. माणसं मोहाची भाकर खातात, गुरं मोह खातात, मग माशांना काय झालं? घाटावरच्या पुस्तिकेला हे कसं कळणार? मी बायकोच्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, मोह शिजवला, फडक्याने पिळून काढला, घट्ट काळसर पाक केला आणि दिवाळीच्या उरलेल्या पणत्यांत ओतून, वर काड्या टाकून पेटीत ठेवला.

माशा तुटून पडल्या. दोन दिवस मी गावभर छाती काढून फिरलो.

रोज कोण शिजवत बसतो म्हणून मी एकदाच गंजभर पाक केला आणि चुलीजवळ उबेला ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर फेस आला. चौथ्या दिवशी वास. बायको म्हणाली, "हे आंबलंय." मी म्हणालो, "गोड वस्तूला वास येतोच." त्यापुढचं एक पूर्ण वाक्य माझ्या मनात होतं, ते मी बोललो नाही: आता फेकून दिलं तर मी चुकलो असं होईल. फेस काढून तोच पाक मी आणखी सहा दिवस घातला.

पेटीच्या तोंडाशी तपकिरी डाग पडू लागले. माशा बाहेर येऊन फळीवर गोल गोल सरपटायच्या आणि खाली पडायच्या. रोज सकाळी मूठभर मेलेल्या. मी त्यांना झाडूने लोटून बायकोच्या नजरेआड करत होतो.

तो लेकीकडून परतला तो थेट पेटीकडे. ओसरीवर चढता चढताच त्याने नाक वर केलं आणि मोठ्याने हसला. "काय जी गुरुजी! माश्यायले पाजून राहिले का? हे तं माह्या सोयऱ्याच्या लग्नावानी वास सुटला!" मग त्याने झाकण उघडलं आणि त्याचं हसू थांबलं. त्याने पणत्या बाहेर काढल्या, बोट बुडवून चाटलं. "हे मानसाले पचते जी. मासीले नाई पचत. तिच्या पोटात ढाळ लागते." मग वरची रिकामी पट्टी बघून, "मध पुरा काढला ना तुम्ही?"

मी म्हणालो, "हो."

तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी पळसाच्या द्रोणात रानातला मध घेऊन आला. त्या पायाने कुठे चढला असेल कोण जाणे. चार चौकटींवरच्या माशा त्याने एकीवर आणल्या, तणसाचा जाड थर देऊन पेटी गुंडाळली. म्हणाला, "रानी आहे अजून. मूठभर आहेत, पन आहेत. आता हात लावू नका."

मी खरंच हात लावला नाही. पण बायकोने चुलीजवळून काढून ओसरीवर आणून ठेवलेला गंजही उचलला नाही. टाकून द्यायला कुठे न्यावा, वाटेत कोण बघेल, या विचारात तो तसाच ओसरीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली राहिला.

लाखोळी फुलायला पंधरवडा होता आणि निरीक्षक न कळवता आले. सोबत पाटील, पाटलांचा भाऊ आणि शाळा तपासणारे तेच साहेब. तो गडीही आला, धुतलेला पटका बांधून. निरीक्षकांनी झाकण उघडलं, मूठभर माशा बघितल्या, डागाळलेली फळी बघितली. मग वास घेत घेत कोपऱ्यात गेले आणि गोणपाट उचललं.

दारूबंदीचे दिवस. गंजभर आंबलेला मोह, सरकारी शिक्षकाच्या ओसरीवर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आजही जसंच्या तसं दिसतं, कारण त्यांच्या डोळ्यांत अजून काहीच ठरलेलं नव्हतं. निरीक्षकांनी विचारलं, "हे माशांना कुणी घातलं?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? हसले असते. मूर्ख ठरलो असतो. एवढंच. दारू गाळायला भांडी लागतात, नळी लागते. त्यातलं काही माझ्याकडे नव्हतं. पण मला तेव्हा फक्त बदली दिसत होती.

मी म्हणालो, "यानेच. मला माशांचं काय कळतं? खायला तोच घालायचा."

तो माझ्याकडे वळला. आधी त्याला वाटलं असावं की मी गंमत करतोय. "काय बोलून राहिले जी? मी तं लेकीकडे होतो."

"मग मेल्या कशा?" पाटलांचा भाऊ म्हणाला.

"खोटं बोलून राहिले गुरुजी," तो म्हणाला, माझ्याकडे नव्हे, साहेबांकडे बघत. "गंज यायच्या बाईचा आहे. इचारा तिले."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बायको चौकटीत उभी होती. तिने माझं तोंड बघितलं, आणि ती आत गेली. तेही माझंच पाप; तिच्या मुकेपणाचा वाटा मी तिच्यावर टाकणार नाही.

निरीक्षक हसून म्हणाले, "या लोकांना मोहाशिवाय काही सुचत नाही. माशांनाही सोडलं नाही!" साहेबही हसले. हसण्यावर गेलं आणि मी सुटलो. संध्याकाळच्या आत पेटी बैलगाडीत घालून दुसऱ्या गावी नेली. केंद्र तिकडे निघालं, राखणदारही तिकडचाच लागला.

तो कुपावर गेला. दिवसभर ओंडके लोटायचं काम, तो पाय घेऊन. आठवड्याच्या बाजारात एकदा मला गाठलं. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "नोकरीचं जाऊ द्या जी. पन त्यानं माश्या दारू पाजून मारल्या, असं लेकीच्या सासरी सांगून राहिले लोक. मोहोळ काढाले आता कोनी बलावत नाई मले. एकडाव पाटलापाशी सांगून द्या ना. तुमचं कोनी काई करनार नाई."

मी म्हणालो, "सांगतो."

"कधी?"

"या आठवड्यात."

उन्हाळ्यात माझी बदली झाली. वर्धेकडे नाही, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, तिरोड्याकडे. तीन बाटल्यांचं तेवढंच फळ. सामान गाडीवर चढत होतं तेव्हा तो आला. न बोलावता. पेट्या उचलू लागला, दोर आवळून दिला. गाडी हलायच्या आधी त्याने विचारलं, "सांगतलं का जी?"

पाटलांचं घर तिथून दिसत होतं. पाटील अंगणात बाजेवर बसलेले होते. पन्नास पावलं असतील.

मी म्हणालो, "वेळच मिळाला नाही."

"आता आहे ना," तो म्हणाला. "बैल थांबते."

मी गाडीवानाला म्हणालो, "हाक गाडी."