सुट्या अक्षरांची सफाई

ऑफिसात तिला सगळे झाडूताई म्हणत. सत्तर इमारतींची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत रहिवाशांच्या तक्रारी संगणकावर येत आणि त्यांतला कचरा काढायचं काम तिचं. कुणाचं बोट घसरून मध्येच 'क' पडलेला, कुणाचा 'ज' एकटाच लोंबकळतोय. सहा वर्षं तिनं असली अक्षरं हातानं वेचली. मग रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले ठरावीक नमुने शोधून काढणारी संगणकी सूत्रं, शिकली आणि एका ओळीत नियम ठोकला: दोन्हीकडे मोकळी जागा असलेलं एकटं अक्षर दिसलं की उडव. मी, तू, का, न, व अशा कामाच्या मंडळींना तिनं अभय दिलं होतं. बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"घरात केर मी काढतो आणि नाव तुझं," नवरा म्हणायचा.

साफसफाईनंतर ज्या तक्रारीत काहीच उरत नसे, ती 'मजकूर नाही' म्हणून आपोआप बंद व्हायची. एका सोमवारी काम आटपल्यावर तिनं सहज ती यादी चाळली. एकाच घराच्या अकरा तक्रारी, अकराही कोऱ्या. तिनं मूळ मजकूर उघडला.

'लि फ्ट बं द चौ था म ज ला खु र्ची अ ड क ली'

तिनं अक्षरं जोडून वाचली. तिनं लगेच फोन लावला. पलीकडे तक्रार करणाऱ्याची बायको होती.

"अर्धांगवायू झाल्यापासून यांचं एकच बोट चालतं. बोलता येत नाही. एकेक अक्षर सुटं पडतं."

"मग तुम्ही का नाही कळवलंत?"

"मी करते म्हटलं की चिडतात. माझं मी सांगेन, असं लिहून दाखवतात. इमारतीतले बाकीचे जिना चढतात, कुणी तक्रार करत नाही. तीन महिने खाली उतरले नाहीत, पण रोज विचारतात, उत्तर आलं का."

अर्ध्या तासात झाडूताई चार जिने चढून धापा टाकत दारात उभी. चाकांच्या खुर्चीतल्या त्या माणसाला तिनं सगळं सांगून टाकलं. नियम माझा, चूक माझी, मला माफ करा.

त्यांनी फोन मांडीवर घेतला. बोट उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं. चांगली चार-पाच मिनिटं गेली. तिला फार लाज वाटत होती, तरी ती त्यांचं बोट बघत थांबली. मग त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

'आ धी लि फ्ट म ग मा फी'

तिनं तिथूनच मेकॅनिकला बोलावलं. तो येऊन लिफ्ट चालू करेपर्यंत तीन तास लागले, आणि तोवर तीही चौथ्या मजल्यावरून खाली उतरली नाही.