जावईबापूंचा युरिया

रंगाऱ्याला फिका रंग बघवत नसे. गिऱ्हाईक एका हातावर खूश असलं तरी हा म्हणायचा, "दुसरा हात मारू या, भिंत खुलून दिसेल." जास्तीचे पैसे मागायचा नाही, त्यामुळे त्याला कोणी अडवायचंही नाही.

सासरे गेल्यावर तो बायकोबरोबर सासूबाईंकडे राहायला आला. त्यांची भाताची दोन खाचरं होती. वरच्यात जाडं, काटक वाण. खालच्यात घरी खायला बारीक, मऊ. सासूबाई युरिया अगदी हात राखून टाकायच्या, तोही थोडा थोडा. त्यामुळे भात पोपटी दिसायचा. शेजारच्यांचं शेत गर्द हिरवं आणि आपलं असं उडालेल्या रंगाचं! जावईबापूंच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं.

सासूबाई बहिणीकडे गेल्या आणि याने दोन्ही खाचरांत सढळ हाताने युरिया फेकला. थोड्याच दिवसांत शेत असं गर्द झालं, की बायकोही बांधावर उभी राहून बघत बसली.

सासूबाई परतल्या त्या बांधावरच थबकल्या. "जावईबापू, भाताला रंग दिलात की काय?"

"थोडासाच, आई."

"झालं! आता या रसरशीत भातावर तुडतुड्यांची चंगळ."

तुडतुडे म्हणजे बुडाशी बसून रस पिणारे तपकिरी किडे. खालच्या खाचरात ते इतके माजले, की भात गोल गोल चट्ट्यांनी करपला. रंगाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. शेजाऱ्याचा फवारणीचा पंप पाठीला लावून तो तरातरा निघाला, निदान वरचं खाचर तरी वाचावं म्हणून तिथूनच सुरुवात करायला.

"थांबा!" सासूबाई ओरडल्या. "आधी वाकून बघा तरी."

तो चिखलात वाकला, रोपं बाजूला सारली. तुडतुडे इथेही होते, पण बेताचेच. रोपांच्या चुडाचुडांतून कोळी फिरत होते. एकाने त्याच्या डोळ्यांदेखत तुडतुडा पकडला. ढेकणांच्या जातीचे बारीक हिरवे किडे पानांच्या बुडाशी सोंड खुपसून तुडतुड्यांची अंडी शोषत होते.

"युरिया तर दोन्हीकडे सारखाच टाकला होता मी."

"या वाणाचा रस त्यांना मानवत नाही. पिल्लावळ सावकाश वाढते, तोवर कोळी त्यांना गाठतात. तिकडे वाण नाजूक, वर तुमचा युरिया. कोळ्यांनी खाऊन खाऊन खायचं तरी किती? आणि इथे औषध मारलंत, तर आधी हेच मरतील."

त्याने पंप उतरवला. बुडाशी ओल राहिली की तुडतुडे वाढतात, म्हणून दोघांनी मिळून खाचरांतलं पाणी सोडून दिलं आणि रोज सकाळी चहाआधी तो रोपं चाळून बघायला लागला. वरचा भात वाचला. खालच्यातला निम्म्याहून अधिक पोचट निघाला.

त्या वर्षी घरात जाडाच भात शिजला. पहिल्या दिवशी तो ताटाकडे बघत नुसता बसून राहिला.

"जेवा हो," सासूबाई म्हणाल्या, "चूक केलीत, उपास कशाला करता?"

बायकोला हसू आवरेना. मग तोही हसला आणि त्याने घास घेतला.

पुढच्या हंगामात खालच्या खाचरातही त्याने काटक वाणच लावायला लावलं. युरियाचं पोतं मात्र सासूबाईंनी स्वतःच्या पलंगाखाली ठेवलं.