मोगऱ्याचा राब

मे महिन्यात मी बायकोच्या मोगऱ्याच्या वाफ्यात राब पेटवला. दुपारी चार वाजता, पूर्ण शुद्धीत, आणि कोणीही सांगितलेलं नसताना.

आम्ही तेव्हा वरसे गावात नवं घर बांधलं होतं. धाटावच्या कंपनीत माझी पहिली शिफ्ट असली की बस तीनच्या सुमाराला घराजवळ सोडायची. दारासमोर एक लांबट वाफा होता आणि त्यात पाच मोगरे. पहिल्याची फांदी बायकोने पेणहून, आईच्या दारातून आणली. ती जगवली आणि तिच्याच फांद्या मातीत दाबून बाकीचे चार केले. पुढे पेणच्या घराचं काम निघालं आणि तिथला जुना मोगरा विटांच्या ढिगाखाली गेला. म्हणजे माहेरचा मोगरा आता फक्त आमच्याकडे उरला होता. हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

उन्हाळ्यात पोह्याचे पापड लाटायला ती आठ दिवस पेणला जायची. त्या वर्षी जाताना म्हणाली, "रोज संध्याकाळी पाणी घाला. दुसरं काही करू नका." पहिलं वाक्य सूचना होती, दुसरं अनुभव.

दोन दिवस मी नुसतं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी वाफ्यातला लव्हाळा डोळ्यांत खुपायला लागला. हे गवत वरून कितीही उपटा, मातीतली गाठ जागची हलत नाही. अर्धा तास खुरपं चालवलं आणि लव्हाळ्याऐवजी माझ्या तळहाताची साल निघाली. कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तर कुंपणापलीकडे शेजारचे शेतकरी काका राब भाजत होते. भाताचं बी जिथे पेरायचं, त्या जागेवर त्यांनी शेण, पाला, गवत पसरलं होतं, वरून माती भुरभुरली होती आणि एका कडेने विस्तव लावला होता. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि पावसात रोप तरारून येतं, हे त्यांनीच मला मागच्या वर्षी समजावलं होतं. एक गोष्ट मात्र सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती, की राब भाजतात तेव्हा त्या जमिनीत काही उभं नसतं.

मी पाच झाडांच्या मधे वाळका पाला पसरला, वर माती टाकली. कंपनीत आमच्या खात्याच्या सुरक्षा समितीवर मी होतो, त्यामुळे एक बादली वाळू, एक बादली पाणी, आणि वारा बघायला रुमाल उंच धरून खात्री. इतक्या शिस्तीत स्वतःच्या घराचं नुकसान करणारा माणूस रोहे तालुक्यात दुसरा नसेल.

विस्तव सरपटत बुंध्यांशी गेला. मोगऱ्याची हिरवीगार पानं बघता बघता चहाच्या चोथ्यासारखी झाली. कळ्या जागच्या जागी तांबूस पडल्या आणि वास मात्र असा सुटला, की क्षणभर मला वाटलं, फुलल्याच. मग घाबरून मी पाण्याची बादली तापल्या मातीवर ओतली. भस्सकन वाफ आली.

काका कुंपणाशी आले.

"आधी भाजलात, मग उकडलात," ते म्हणाले. "आता फोडणी द्या नि जेवायला बसा."

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, राखेने जोम येतो."

"भाताला म्हनलो. तुमच्या मंडळींच्या मोगऱ्याला म्हनलो काय?"

मागून काकूही आल्या. त्यांनी पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. हसायला गेल्या, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

काका आत आले. नखाने एकेका खोडाची साल खरवडली. तीन खोडांच्या सालीखाली हिरवं निघालं, दोन खोडांच्या खाली विटकरी. "तीन हायेत. दोन गेले." मग त्यांनी कोयत्याने पाचही झाडं वीतभर ठेवून छाटली, ताजं शेण पाण्यात कालवून बुडाशी ओतलं आणि माझ्याकडून चार झावळ्या आणवून सावली केली. "ऊन लागू देऊ नका. संध्याकाळी तांब्या तांब्या पाणी. नि तुम्ही लांब बसा."

पुढचे दिवस मी लांब बसलो नाही. बसमधून उतरलो की चष्मा लावून झावळ्यांखाली डोकं घालायचो. खुंट तसेच, काळे. शिफ्टचे लोक खिडकीतून विचारायचे, "काय हरवलं?" मी "चावी" म्हणून सांगायचो. तीन दिवस चावीच हरवलेली. एकीकडे मी तीन कारणं घोकत होतो: रोग, ऊन, बकरी. बकरी मला सर्वांत पटण्यासारखी वाटली.

आठव्या दिवशी बायको पापडांचा डबा घेऊन रिक्षातून उतरली. पाच खुंट तिला फाटकातूनच दिसले. डबा तिने पायरीवर ठेवला.

"काय झालं?"

"बकरी," मी म्हणालो.

कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. "बकरी काडेपेटी घेऊन आली व्हती काय?"

बायको वाफ्याशी बसली. झावळ्या बाजूला केल्या, राख बोटाने सारली आणि एका खुंटाजवळ बराच वेळ डोकं खाली घालून राहिली. मी खरं ते सगळं सांगून टाकलं, अगदी रुमालासकट. मला तिचा चेहरा बघायची हिंमत नव्हती, म्हणून मीही खाली बसलो. त्या खुंटाच्या कडेला, मुळाच्या अगदी वर, मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. मधल्या झाडाला दोन होते. रोज चष्मा लावून मी नको तिथे, वरच्या टोकाला शोधत होतो.

"हा आईचाच आहे," ती त्याच खुंटाला, पेणहून आणलेल्या पहिल्या झाडाला हात लावून म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि मला पाणी आणायला पाठवलं. मी घाईने बादली उचलली. तिने तांब्या आणायला सांगितला.

काकू एव्हाना फाटकातून आत आल्या होत्या. त्यांनी ठिपके पाहिले, मला पाहिलं आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"फुटतील गो. पण पुढल्या साली माहेरी जाशील, तवा झाडांची काळजी करू नको. आम्ही हाव. तू ह्यांना तेवढं संगती ने."