मागच्या काचेतलं पाणी

हे मी आजवर कोणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, थोरल्या भावापुढं नाही. बोलायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आजही तसंच होईल का — माहीत नाही.

म्हटलं तर गोष्ट एका पिकअपच्या काचेची आहे. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेची पिकअप मी चालवायचो. सकाळी गावातलं दूध कॅनात भरायचं आणि केजच्या चिलिंग सेंटरला पोचवायचं. त्या साली पाऊस झालाच नव्हता. रस्त्यात जनावरांची छावणी होती, म्हणून जाता जाता तिथं टाकीभर पाणीही मीच टाकायचो. केबिनच्या पाठीला चिकटून प्लास्टिकची टाकी बांधलेली आणि तिच्या मागं दुधाचे कॅन. टाकीचं झाकण ढिलं होतं. ब्रेक मारला की पाणी उसळून मागच्या काचेवर यायचं, आणि काचेचं रबर उन्हानं तडकलेलं — मग तिथून आत. माझा सदरा पाठीत कायम ओला. पोरं म्हणायची, साऱ्या तालुक्यात पाऊस न्हाई, तुझ्या गाडीत मात्र रोज पडतो.

हसण्यावारी जायचं ते. पण संस्थेचं दूध तपासायचं मशीन बिघडलं आणि प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत घालून सेंटरला न्यायची वेळ आली. बाटल्यांचा लाकडी ट्रे ठेवायचा कुठं? सीटच्या मागं, त्या काचेखाली. सचिव बापूरावांनी मला सांगितलं, आधी गॅरेजला जा, काच बसवून घे, मग नमुने ने.

मी गेलो, खोटं नाही सांगत. मिस्त्री म्हणाला, काच काढावी लागंल, नवं रबर घालावं लागंल, गाडी उद्यापर्यंत हलवायची न्हाई. आणि त्याच दुपारी मला धारूरला मुलगी बघायला जायचं होतं. एसटीनं जाता आलं असतं की. पण मला पिकअपमधून उतरायचं होतं — मुलीकडच्यांनी बघावं, पोरगा गाडी घेऊन आलाय. मी सिलिकॉनची एक नळी घेतली, बाहेरून बोटानं फासली आणि धारूरचा रस्ता धरला. लग्न जमलं. बापूरावांना सांगितलं, नवं रबर बसवलं.

इथवर काय? कामचुकारपणा. कोण करत नाही?

पण अजून कौसामावशीबद्दल सांगितलं नाही मी. तेच टाळतोय.

कौसामावशी भीमनगरातली. नवरा गेल्यावर एक म्हैस ठेवली होती तिनं. त्या म्हशीच्या जिवावर दोन वर्षं ती ऊसतोडीला गेली नव्हती आणि मुलगी गावच्या शाळेत टिकली होती. तिचं दूध संस्थेत घ्यायला काही जणांनी आधी खळखळ केली होती. सगळ्यांच्या दुधात तिचं दूध नको, असं उघड कोण बोलणार? ‘स्वच्छतेचं बघा जरा’, एवढंच म्हणायचे. मी तिथंच असायचो. कळत होतं मला. सगळ्यांनाच कळत होतं.

एका सकाळी छावणीच्या अलीकडं शेळ्या आडव्या आल्या. मी जोरात ब्रेक दाबला. मागं पाणी उसळलं, पाठीला गार लागलं. सेंटरला पोचून ट्रे बाहेर काढला. बाकीच्या बाटल्या नीट होत्या. कडेच्या एका बाटलीचं बूच हरवलेलं, म्हणून मावशीनं तोंडाला प्लास्टिकचा कागद दोऱ्यानं बांधला होता. तो कागद आत खचला होता. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. दूध निळसर.

मी ते पाहिलं — तुम्ही हे नीट ऐका. नजरचुकीनं झालं नाही. मी पाहिलं. मग वरचं थोडं ओतून बाटली बाकीच्यांच्या बरोबरीला आणली, कागद बदलला, ट्रे बाहीनं पुसला आणि खिडकीत दिला. नमुना बाद झाला म्हणालो असतो, तर बापूरावांनी विचारलं असतं, नव्या रबरातून पाणी आलं कसं?

लॅक्टोमीटरवर दुधाला डिग्री लागली नाही. पाणी निघालं.

संध्याकाळी संस्थेपुढं माणसं जमली. दुष्काळात दुधात पाणी म्हणजे लोकांना चेव आला. आधीच सांगत होतो, असं म्हणणारे पुढं होते. मावशी म्हणाली, उद्या माझ्या दारात येऊन धार काढा, तुमच्या हातानं काढा, अन् मग तपासा. एकजण म्हणाला, उद्या चांगलंच देशील की.

मग ती माझ्याकडं वळली. मी गाडीला टेकून उभा होतो.

“भाऊ, बाटली तुमी नेलती ना? तुमीच सांगा. वाटंत काय झालं का?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “मला काय माहीत, मावशी. मी फक्त गाडी चालवतो.”

तिनं माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. रागानं नाही. आणखी काही बोलेन म्हणून वाट बघितली तिनं. 

तिचं दूध बंद झालं. दुसऱ्याच दिवशी मी गॅरेजला जाऊन काच नीट बसवून घेतली — गुपचूप. त्यानंतर थेंब आत आला नाही. मावशीनं म्हैस माजलगावच्या बाजारात विकली आणि दसऱ्यानंतर मुकादमाच्या टोळीबरोबर मुलीला घेऊन ऊसतोडीला गेली. मुलीची शाळा तिथंच संपली. गावात कितीतरी वर्षं मावशीचं नाव ‘पाणीवाली’ होतं. माझ्यादेखत म्हणायचे. मी हसायचो नाही. गप्प बसायचो, आणि त्यालाच चांगुलपणा समजायचो.

गेल्या उन्हाळ्यात सांगायचं ठरवून तिच्या घरी गेलो. ती थकलीय आता, डोळ्यांनी कमी दिसतं. आवाजावरून ओळखलं मला. बसायला टाकलं, मुलीला चहा ठेवायला लावला. कोरा चहा आला.

“आमच्यात दूध आणीत न्हाई आमी,” ती म्हणाली. “तवापासून सवयच मोडली. चालंल ना तुमाला?”

चालेल म्हणालो. चहा प्यालो. तिनं विचारलं, “कावून आलतात भाऊ?”

“असंच. इकडून चाललो होतो.”

उठलो आणि घरी आलो.

त्या बाटलीतलं पाणी माझ्या गाडीच्या काचेतून आलं होतं. कौसामावशीनं दुधात पाणी घातलं नव्हतं. मला ते त्या सकाळीच माहीत होतं.