एकाच नावाच्या दोघी

"दोघी उभ्या राहा," सर म्हणाले.

आम्ही उभ्या राहिलो. वर्गात माझ्याच नावाची आणखी एक मुलगी होती. नाव तेच, आडनावही तेच. आमचं आडनाव पाटलांच्या बंगल्यातही सापडतं आणि आमच्या वस्तीतही. त्यामुळे सोलापुरात मला नुसतं आडनाव सांगून भागत नाही. पुढचा प्रश्न येतोच. "कुठले तुम्ही?"

तिला कुणी विचारत नाही. तिचे वडील साखर कारखान्याचे संचालक. ती गाडीतून उतरते.

सर सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते. मॅप आणि मल्टीमॅप. माहिती ठेवायची दोन कपाटं समजा. नाव सांगितलं की त्या नावाच्या कप्प्यातली माहिती हातात येते. मॅपमध्ये एका नावाला एकच कप्पा. मल्टीमॅपमध्ये त्याच नावाचे कितीही चालतात.

सरांनी तिच्याकडे बोट केलं. "ही आधी आली. मॅपमध्ये बसली." मग माझ्याकडे. "आता ही आली. नाव तेच. मॅप हिला घेणार नाही. एरर पण देणार नाही. गपचूप बाहेर."

पोरं हसायला लागली.

"आणि मल्टीमॅप? तिथं कुणालाही घेतात. सरकारी कोट्यासारखं."

अख्खा वर्ग खदखदला. मी पण हसले. हे सांगायची आज लाज वाटते, पण हसले. हसलं नाही तर जास्त दिसतं.

आई चादरीच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरते. संध्याकाळी तिनं विचारलं, "आज काय शिकवलं गं?" मी म्हटलं, "नावं कशी ठेवायची ते."

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्याची एक कंपनी कॉलेजात आली. आधी परीक्षा, मग मुलाखत. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी बोर्डावर लागली, नुसती नावं, रोल नंबर नाहीत. माझं नाव होतं. मी तीनदा बोट फिरवून वाचलं. आईनं त्या दिवशी कामावर पेढे वाटले.

परीक्षेच्या सकाळी दारातल्या मॅडमनी माझं ओळखपत्र बघितलं. यादी बघितली.

"तुझं नाव नाही."

"आहे की मॅडम. हे काय."

"नाव आहे, पण रोल नंबर तुझा नाही. ही दुसरी आहे. ती बसली आत."

दार लागलं. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते. मी व्हरांड्यात उभी राहिले. आतून की-बोर्डचा आवाज येत होता.

यादी सरांनी स्वतःच्या प्रोग्रॅमवर काढली होती. प्रोग्रॅम लॅबच्या कॉम्प्युटरवर तसाच पडला होता, कुणालाही उघडता यायचा. मी उघडला. सरांनी सगळी मुलं मॅपमध्ये भरली होती, नावावर. प्रत्येकाचा रोल नंबर त्याच ओळीत शेजारी होता. तो वेगळा होता. तो घेतला असता तर आम्ही दोघीही राहिलो असतो. पण ती आधी आली, बसली. मग मी आले. एरर आली नाही.

सरांना जाऊन सांगितलं.

"सॉफ्टवेअरची चूक आहे अगं. मी काय मुद्दाम केलं का?"

"सर, दुसरी बाहेर जाते हे तुम्हीच वर्गात शिकवलं. माझ्याकडे बोट करून."

त्यांचा चेहरा बदलला. "सवलतीवर आलात ना? सवलतीतच राहा. जास्त बोलू नको."

यावेळी मी हसले नाही.

त्यांनी मुद्दाम केलं नसेलही. मला ते जास्त लागतं. मला बाहेर काढायला त्यांना मुद्दामसुद्धा काही करावं लागलं नाही. मी त्यांच्या डोक्यातच नव्हते. जोक करायचा होता तेवढ्यापुरती आठवले.

मी लेखी तक्रार दिली. प्राचार्यांनी बोलावलं. त्या दुसऱ्या मुलीलाही बोलावलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "मला काही माहीत नाही सर." नंतर जिन्यात माझा हात धरला. "सॉरी गं. पप्पा म्हणाले, यात पडू नको." मी हात सोडवून घेतला.

पुढच्या वेळी आईलाही बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. 'सदर बाब तांत्रिक त्रुटीमुळे घडली असून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.' खाली माझ्या नावाची जागा. प्राचार्यांचं म्हणणं, सही करा, टीसी आणि मार्कलिस्ट घेऊन जा. नाहीतर दोन्ही कॉलेजातच राहतील.

खुर्ची रिकामी होती. आई उभीच होती. पदर धरून.

"आई, बस खुर्चीवर."

ती बसली नाही. म्हणाली, "सई कर की, पोरी. एक सईच तर हाय. लई मोठी मान्सं हायती ही."

प्राचार्य म्हणाले, "बघ. आईला कळतं, तुला कळत नाही."

तिथं माझ्यात काहीतरी कायमचं बंद झालं. भीती असेल. मी कागद परत सरकवला.

"सही करणार नाही. चूक कुणी केली ते लिहा."

"मग टीसी विसर."

बाहेर पडल्यावर आई एकटीच झपाझप चालत सुटली. पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. पेढे वाटले होते तिनं.

ती दुसरी पुण्यात नोकरी करते. सरांना बढती मिळाली. मी आईच्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालते, लेबल लावते. शिकलेय म्हणून मुकादम मला 'इंजिनीअर मॅडम' म्हणतो आणि बायका हसतात. विद्यापीठाला पत्र लिहिलं, आयोगाला लिहिलं. उत्तर नाही. वकील म्हणाला, सिद्ध काय करणार? प्रोग्रॅम त्यांनी केव्हाच पुसला.

सुट्टीच्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात जाते. अर्ज देते, पोच मागते. क्लार्क पोच देत नाही. "आली परत," एवढंच म्हणतो. मी काउंटरसमोर ऑफिस बंद होईपर्यंत उभी राहते.

मला काही मिळेल असं वाटत नाही. टीसी तिथंच सडली तरी चालेल. त्यांच्या खोट्याखाली माझं नाव लागणार नाही. पुढच्या सुट्टीलाही मी जाणार आहे.